पाच डॉलरची वर्गणी आणि एक ग्रँट : वीस महिन्यांची हकीकत

२१ मे २०२५ ला आमच्या गटाच्या खात्यावर पंधरा हजार डॉलर दिसले : आमची पहिली ग्रँट, म्हणजे परत न करायची मदत. चेक १२ तारखेलाच भरला होता, पण खातं लहान आणि रक्कम मोठी म्हणून बँकेने तो धरून ठेवला. त्या नऊ दिवसांत मी बँकेचं ॲप किती वेळा उघडलं, ते सांगायची लाज वाटते. या पैशांची सुरुवात ऑक्टोबर २०२३ मध्ये झाली होती. मधल्या वीस महिन्यांत जे कळलं ते सुरुवातीलाच कुणी सांगितलं असतं तर निदान सहा महिने वाचले असते. गेल्या महिन्यात वेगवेगळ्या गावांतल्या तीन मैत्रिणींनी फोन करून हेच विचारलं : छोट्या गटाला अशी ग्रँट मिळवायची कशी? तिसरीला सांगताना ठरवलं, आता लिहूनच टाकायचं.

आधी गट कसला ते. न्यू जर्सीत न्यू ब्रन्सविकला एका चर्चच्या तळघरात दर रविवारी दुपारी तीनला आम्ही बावीस जणी जमतो. कुणी मुलं सांभाळतात, कुणी घरं साफ करतात, कुणी म्हाताऱ्या माणसांची उठबस करतात, कुणी घरोघरी जाऊन पोळ्या लाटतात. गुजराती आहेत, डॉमिनिकन आहेत, हैतीच्या आहेत, नेपाळी आहेत, आणि माझ्यासकट दोघी मराठी. मी ही कामं करत नाही. नवऱ्याच्या नोकरीपाठी एच-४ व्हिसावर आले, कामाचा परवाना नव्हता, इंग्रजी येत होतं आणि दुपार रिकामी होती. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बेन एक दिवस म्हणाल्या, "तमे फॉर्म भरी आपो ने." त्या एका फॉर्मवरून मी यात आले.

गटाचा सगळा कारभार एका लाल वहीत. भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवर दिवाळीच्या सुमाराला चोपडापूजनासाठी ज्या वह्या मिळतात, त्यातली एक. पुढच्या पानांवर वर्गणी : दर रविवारी प्रत्येकीचे पाच डॉलर. त्यातून तळघराचं भाडं, चहा, कुणाचे पगाराचे पैसे बुडाले तर तिच्या महिन्याच्या किराण्याला हातभार. मागच्या पानांवर भिशी. डॉमिनिकन बायका तिला 'सान' म्हणतात, हैतीच्या 'सोल', नेपाळी 'ढुकुटी', गुजराती 'वीसी'. नाव प्रत्येकीचं निराळं, पण नियम समजावून सांगायची वेळ कुणावरच आली नाही. तीन लिप्यांतल्या नोंदी आणि शेवटी बेनची सही. माझी आई मिरजेजवळच्या गावात बचत गटाची सचिव होती. तिचीही अशीच वही होती, फक्त कव्हर निळं.

८ ऑक्टोबर २०२३ च्या रविवारी हैतीच्या मादामनी विषय काढला. (आम्ही त्यांना मादामच म्हणतो. डॉमिनिकन थोरली ती दोन्या, नेपाळी ती दिदी.) त्यांच्या कुटुंबातल्या कुणीतरी सांगितलं होतं की फाउंडेशनं (दानधर्मासाठी पैसा बाजूला काढलेल्या संस्था) अशा गटांना पैसे देतात, फक्त "फाइव्ह-ओ-वन-सी-थ्री" लागतं. ते काय असतं, हे तळघरात कुणालाच माहीत नव्हतं. मी फोनवर शोधून वाचलं : आयकर खात्याने करमुक्त मानलेली सार्वजनिक हिताची संस्था. तिला दिलेल्या देणगीवर देणाऱ्याला करात सूट मिळते, आणि फाउंडेशनंही बहुतेक वेळा अशाच संस्थांना पैसे देतात.

त्याच रात्री मी आणखी एक गोष्ट वाचली, ती अजून डोक्यात आहे. स्त्रियांसाठी काम करणाऱ्या मिझ फाउंडेशनच्या २०२० च्या अहवालात २०१७ सालचा हिशेब आहे. अमेरिकेतल्या फाउंडेशनांनी त्या वर्षी ६६.९ अब्ज डॉलर वाटले. त्यातले खास 'विमेन ऑफ कलर'साठी, म्हणजे गोऱ्या नसलेल्या स्त्रिया आणि मुलींसाठी, गेले ३५.६ कोटी, म्हणजे जेमतेम अर्धा टक्का. डोईमागे वर्षाला ५ डॉलर ४८ सेंट. पुढच्या रविवारी मी हे वाचून दाखवलं तेव्हा दोन्यांनी वही पुढे ओढली आणि बोटाने दाखवलं : आमची तर एका आठवड्याचीच पाच होते.

'विमेन ऑफ कलर' या शब्दावरून मात्र हशा पिकला. "आपण रंगीत?" असं बेननी विचारलं. हा शब्द अमेरिकेतल्या चळवळीतला आहे. लॉरेटा रॉस या कार्यकर्तीने सांगितलेली हकीकत अशी की १९७७ साली ह्यूस्टनला स्त्रियांची राष्ट्रीय परिषद भरली, तिथे कृष्णवर्णीय स्त्रियांनी आपल्या मागण्यांचा मसुदा नेला. बाकीच्या अल्पसंख्याक बायकांनाही त्यात यायचं होतं. मग सगळ्यांना मिळून हे नाव आलं. म्हणजे ते एकत्र येण्याचं नाव, कातडीचं वर्णन नव्हे. हे कळलं तरी माझ्या मनात एक खडा राहिलाच. मी सवर्ण घरातली, इंजिनिअरची बायको. फॉर्मवरच्या चौकोनात मी आणि मादाम एकाच ठिकाणी टिचकी मारणार. म्हणून पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की अध्यक्ष मी होणार नाही, कागद मात्र सगळे करेन.

नोव्हेंबर गेला फिस्कल स्पॉन्सर शोधण्यात. म्हणजे आधीच नोंदणी असलेली एखादी संस्था तुमच्या वतीने पैसे घेते, हिशेब ठेवते आणि त्यातले काही टक्के कापून घेते. एका ठिकाणी वर्षाचं बजेट निदान पन्नास हजार डॉलर हवं होतं, आमचं सहा हजारही नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी दहा टक्के कापणार होते आणि त्यांच्या बोर्डाची बैठक मार्चमध्ये. आम्ही कंटाळून स्वतःची नोंदणी करायचं ठरवलं. आज कुणी विचारलं तर मी उलटं सांगेन : बरा स्पॉन्सर मिळत असेल तर दोन वर्षं त्याच्या छत्राखाली काढा. दहा टक्के जास्त वाटतात, पण पुढची रडकथा वाचा.

डिसेंबरमध्ये राज्याकडे नोंदणी. न्यू जर्सीत विनानफा संस्थेला निदान तीन ट्रस्टी लागतात, फी ७५ डॉलर, ऑनलाइन भरता येते. भरण्याआधी मी वाचून दाखवलं की ट्रस्टींची नावं आणि पत्ते या कागदावर येतात आणि हा कागद कुणालाही पाहता येतो. तळघर एकदम गप्प झालं. आमच्यातल्या काही जणींची इथल्या मुक्कामाची कागदपत्रं अर्धवट आहेत. कोणाची ते मी विचारत नाही, वहीतही लिहीत नाही. गट सुरू करणाऱ्या दोघी त्यांतल्याच. ज्यांनी गट उभा केला त्यांचंच नाव कागदावर नको, हे त्या दिवशी ठरवावं लागलं. त्यातल्या एकीने निघताना माझ्या हातात चर्चच्या तळघराची किल्ली दिली आणि म्हणाली, "ही तुझ्याकडे ठेव, आता तू सरकारी." ती हसत होती. मला त्या रात्री झोप आली नाही.

शेवटी बेन अध्यक्ष, मादाम खजिनदार आणि एक डॉमिनिकन शिक्षिका तिसरी ट्रस्टी. मी बिनपगारी सचिव. परवान्याशिवाय एच-४ वर पगार घेता येत नाही, फुकट राबता येतं. बाकी सगळ्यांची एक सल्लागार समिती केली आणि नियमावलीत लिहिलं की पैशाचा कुठलाही निर्णय समितीला विचारल्याशिवाय होणार नाही. या समितीची नावं कुठेही पाठवायची नाहीत.

पहिली चूक इथेच झाली आणि ती माझी. राज्याच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये जेवढं विचारलं तेवढंच भरलं. आयकर खात्याला मात्र नोंदणीच्या दाखल्यात दोन वाक्यं हवीच असतात : संस्था कशासाठी आहे, आणि उद्या बंद पडली तर उरलेला पैसा सभासदांत न वाटता दुसऱ्या सार्वजनिक कामाला जाईल. ती नव्हती. दुरुस्तीचा अर्ज केला, पुन्हा फी भरली, तीन आठवडे गेले. तुम्ही हे करणार असाल तर ती दोन वाक्यं आयकर खात्याच्या संकेतस्थळावर नमुन्यासकट आहेत, ती आधी उतरवून घ्या.

यानंतर मात्र शहाणपण आलं आणि आम्ही वकील गाठला. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कनेटिकट या भागात लहान संस्थांना मोफत वकील मिळवून देणारी प्रो बोनो पार्टनरशिप म्हणून संस्था आहे. मिळालेल्या वकीलबाई मोठ्या कंपनीत काम करणाऱ्या, संध्याकाळी सहानंतर झूमवर भेटायच्या. त्यांनी सगळ्यात आधी वही मागितली. मी पानांचे फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी त्यांचा प्रश्न : मागच्या पानांवर दर महिन्याला एकीला अकराशे डॉलर जातात, ते कशाचे?

ते भिशीचे. बावीस जणींचे पन्नास-पन्नास. त्यांना भिशी समजावताना माझी अर्धी मीटिंग गेली. समजल्यावर त्या म्हणाल्या, छान आहे, पण संस्थेच्या खात्याला हिचा वासही लागता कामा नये. सार्वजनिक हिताच्या संस्थेचा पैसा फिरून सभासदांच्याच खिशात गेला तर करमुक्ती जाऊ शकते. भिशी बेकायदा नाही, फक्त ती बावीस बायकांची खाजगी गोष्ट आहे आणि तशीच राहिली पाहिजे. मग जानेवारीच्या पहिल्या रविवारी आम्ही वही फाडली. खरंच फाडली : मागची पानं दोरा सोडवून वेगळी केली, दिदीने त्यांना जुन्या कॅलेंडरचं पुठ्ठ्याचं कव्हर शिवलं. लाल वही संस्थेची, कॅलेंडरवाली भिशीची. बेनना हे अजिबात आवडलं नाही. त्यांचं म्हणणं, भिशी आहे म्हणून तर बायका रविवारी येतात, मीटिंग हे निमित्त. त्यात काही खोटं नव्हतं.

ईआयएन, म्हणजे संस्थेचा करक्रमांक, हे मात्र वीस मिनिटांचं काम आणि पूर्ण फुकट. शोधायला गेलं की आधी दलालांच्या साइट दिसतात, दोन-अडीचशे डॉलर मागतात. सरळ आयकर खात्याच्याच साइटवर जा. ऑनलाइन अर्जाला जबाबदार व्यक्तीचा सोशल सिक्युरिटी नंबर किंवा आयटिन (तो नंबर नसलेल्यांचा करक्रमांक) लागतो, आम्ही बेनचा दिला. नावात अपॉस्ट्रॉफी (') चालत नाही, आमच्या नावात होता, तो गाळला. शेवटी जे पत्र पडद्यावर येतं, त्याला सीपी ५७५ म्हणतात, ते तिथल्या तिथे उतरवून ठेवा. ते एकदाच मिळतं.

बँकेत तो गाळलेला अपॉस्ट्रॉफी आडवा आला. राज्याच्या दाखल्यात आहे, करपत्रात नाही, म्हणून पहिल्या बँकेतल्या माणसाने चाळीस मिनिटं बसवून घेऊन परत पाठवलं. दुसऱ्या ठिकाणी, एका क्रेडिट युनियनमध्ये (सभासदांच्या सहकारी पतपेढीत), समोरच्या मुलीने दोन्ही कागद शेजारी ठेवले, मान डोलावली आणि खातं उघडलं.

४ मार्च २०२४ ला करमुक्तीसाठी आयकर खात्याचा फॉर्म १०२३-ईझेड भरला. हा लहान संस्थांसाठीचा आखूड फॉर्म, फी २७५ डॉलर. पूर्ण फॉर्म १०२३ ला ६०० डॉलर लागतात आणि कितीतरी महिने. आखूड फॉर्म चालतो केव्हा, तर पुढची तीन वर्षं दरसाल उत्पन्न ५०,००० डॉलरच्या वर जाणार नाही अशी अपेक्षा असेल आणि मालमत्ता अडीच लाखांच्या आत असेल तर. आम्हाला पन्नास हजारांचं स्वप्न पडायलाही वेळ होता. फॉर्म सोपा, फक्त संस्थेचं काम अडीचशे अक्षरांत सांगायचं होतं. बावीस जणींचं काम अडीचशे अक्षरांत बसवायला दोन रविवार लागले. फी भरायला वर्गणीत दोनशे दहाच होते, उरलेले पासष्ट मादामनी घातले, वहीत उसने म्हणून लिहिले.

९ एप्रिलला करमुक्तीचं पत्र आलं. त्या रविवारी दोन्यांनी केक आणला. मला वाटलं, आता पैसे येतील.

पुढचे दोन महिने शुद्ध वाया गेले. कुणीतरी सांगितलं की ग्रँटसाठी सॅम-डॉट-गव्हवर नोंदणी लागते. मी सात आठवडे त्या नोंदणीच्या मागे होते : पत्त्याचा पुरावा द्या, नावाचा पुरावा द्या, तुमचा पुरावा जुळत नाही, पुन्हा द्या. पुन्हा तोच अपॉस्ट्रॉफी. जूनमध्ये सार्वजनिक वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंना सहज सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "ती केंद्र सरकारच्या पैशांसाठी. तुम्हाला फाउंडेशनचे हवेत ना?" मी तिथेच खुर्चीत बसले.

या बाईंनी जे शिकवलं ते या सगळ्या लेखातलं सगळ्यात कामाचं आहे. अमेरिकेतलं प्रत्येक खाजगी फाउंडेशन दर वर्षी फॉर्म ९९०-पीएफ भरतं आणि तो सगळ्यांना खुला असतो. कुणाला किती दिले, ओळीओळीने लिहिलेलं असतं. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या साइटवर हे फॉर्म फुकट वाचता येतात. काही वाचनालयांत कँडिड या संस्थेची फाउंडेशनांची मोठी सूचीही बसून फुकट बघता येते, घरून तिला पैसे पडतात. त्या फॉर्मात एक छोटा चौकोन असतो : 'आम्ही आधीच निवडलेल्या संस्थांनाच देतो, अर्ज घेत नाही.' फाउंडेशनचं संकेतस्थळ कितीही गोड बोलत असलं तरी आधी हा चौकोन बघायचा. मी जुलै ते सप्टेंबर एक्केचाळीस फाउंडेशनांचे फॉर्म वाचले. सव्वीस ठिकाणी त्या चौकोनात खूण होती. उरलेल्या पंधरांपैकी कित्येकांनी दहा वर्षांत पन्नास हजारांखाली ग्रँट दिलेलीच नव्हती. शेवटी यादीत सात राहिले.

मोठ्या नावांचं काय, असं विचारलं जातं. मॅकेन्झी स्कॉट या अब्जाधीश देणगीदार बाईंनी २०२३ मध्ये खुला अर्ज मागवला होता. सहा हजारांवर संस्थांनी अर्ज केले आणि मार्च २०२४ मध्ये ३६१ संस्थांना मिळून ६४ कोटी डॉलर मिळाले. आम्हीही वाचलं होतं. अट होती वर्षाचं बजेट निदान दहा लाख डॉलर. तळागाळाच्या संस्था म्हणताना तळ कुठे धरलेला असतो, ते यातून कळतं. त्यांनी वाटले ते चांगलंच, पण आमच्यासारख्यांनी त्यात वेळ घालवू नये.

त्याच उन्हाळ्यात दोन गोष्टी घडल्या. १ जुलै २०२४ पासून न्यू जर्सीत घरकामगारांचा हक्काचा कायदा लागू झाला. लेखी करार, मधली सुट्टी, काढून टाकण्याआधी सूचना. रविवारी चाळीस-चाळीस बायका येऊ लागल्या, प्रत्येकीच्या हातात मालकिणीने दिलेला इंग्रजी कागद. आम्ही तो पाच भाषांत सांगायला बसलो. फाउंडेशनांना दाखवायला काम होतं, पण ते करायलाच माणसं अपुरी होती आणि मी फॉर्म वाचत बसले होते.

दुसरी गोष्ट अटलांटातली. फिअरलेस फंड कृष्णवर्णीय उद्योजिकांना वीस हजार डॉलरची मदत द्यायचा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये, वंश बघून दिलेल्या सवलतींविरुद्ध लढणाऱ्या एडवर्ड ब्लम यांच्या संघटनेने त्यावर दावा लावला. आधार कुठला, तर १८६६ चा नागरी हक्क कायदा. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनाही गोऱ्यांसारखे करार करता यावेत म्हणून केलेला कायदा. ३ जून २०२४ ला अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी ती योजना थांबवली, सप्टेंबरात तडजोड झाली आणि योजना बंद. ते न्यायालय जॉर्जिया, फ्लोरिडा, अलाबामाचं, न्यू जर्सीला ते लागू नाही. पण भीती काय राज्याच्या हद्दी बघून येते? माझ्या सातांपैकी दोघांच्या संकेतस्थळावरचे शब्द ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये बदलले. जिथे 'विमेन ऑफ कलर' होतं तिथे 'उपेक्षित समाजगट' आलं.

सात ठिकाणी चौकशीपत्रं पाठवली. प्रत्येकी दोन पानं, प्रत्येकाला वेगळी, कारण प्रत्येकाची अक्षरमर्यादा वेगळी. हे सगळं आधी साध्या फाइलमध्ये लिहा, पोर्टलमध्ये नाही. एकदा पोर्टलने मला बाहेर फेकलं आणि दीड तासाचं लिखाण गेलं. पाच नकार आले. चार छापील, एक हाताने लिहिल्यासारखा आणि खरोखर कामाचा : 'तुमच्या पत्रात गरज पानभर आहे, बायका काय करतात ते तीन ओळींत.' सहाव्याने अजूनही उत्तर दिलेलं नाही. सातव्याने नोव्हेंबरमध्ये पूर्ण प्रस्ताव मागवला. त्यांचं नाव इथे देत नाही, कारण यंदा ते खुले अर्ज घेत नाहीयेत आणि उगाच त्यांच्या दारात गर्दी नको.

नकारातला तो सल्ला मानून प्रस्ताव नव्याने लिहिला. इंग्रजीत विचारलेलं 'बदलाचं तत्त्व' काय, हे मी बेनना विचारलं. त्या म्हणाल्या, "पहेलां एकली जती हती, हवे बे जण साथे जाय छे." पगार बुडाला की पूर्वी बाई एकटी मालकिणीच्या दारात जायची, आता दोघी जातात. मी ते वाक्य जसंच्या तसं भाषांतर करून टाकलं आणि त्या रकान्यात आणखी काही लिहिलं नाही.

मग जानेवारी २०२५. 'डीईआय' म्हणजे विविधता आणि समावेशाच्या कार्यक्रमांविरुद्ध निघालेल्या २१ तारखेच्या अध्यक्षीय आदेशात मोठ्या फाउंडेशनांचंही नाव आलं : ज्यांची मालमत्ता ५० कोटी डॉलरच्या वर आहे, त्यांच्याकडे चौकशीच्या दृष्टीने पाहा, असं सरकारी खात्यांना सांगितलं गेलं. आमचे देणारे त्या मानाने किडूकमिडूक, तरी तिथल्या प्रोग्रॅम ऑफिसरचा फोन आला. फार संकोचून बोलत होत्या. प्रस्तावातले काही शब्द बदलायचे का, ते तुम्ही ठरवा, आम्ही सांगत नाही.

त्या रविवारी तळघरात पहिल्यांदा खरी भांडणं झाली. बेन म्हणाल्या, बदला, शब्दाने काय पोट भरतं? मी सुचवलं, 'स्थलांतरित घरकामगार स्त्रियांनी चालवलेला गट' म्हणू, सगळ्या त्यात येतात. मादाम तोवर गप्प होत्या. म्हणाल्या, "मी ज्या इमारतीत जाते तिथला माणूस बेनला पुढच्या दाराने सोडतो आणि मला मागे जायला सांगतो. दोघी स्थलांतरित." यावर बेन काही बोलल्या नाहीत. दोन वर्षं एका ट्रेनने येणाऱ्या या दोघींना हे एकमेकींचं माहीत नव्हतं. शेवटी मुखपृष्ठावर माझं वाक्य राहिलं आणि आत, गटाचा इतिहास सांगताना, 'विमेन ऑफ कलर' राहिलं. अट म्हणून नव्हे, आम्ही कोण आहोत म्हणून. वकीलबाईंनी दोन्ही वाचून हरकत नाही म्हटलं.

२३ फेब्रुवारीला, रविवारीच, देणाऱ्यांकडच्या दोघी भेटीला आल्या. वेळ आमची ठेवली, याबद्दल त्यांना मार्क. तळघराचा हीटर बंद पडला होता, सगळ्या कोट घालून बसलेल्या. त्यातल्या एकीने विचारलं, गटाचा डेटा कशात ठेवता? मी लॅपटॉप उघडायच्या आत बेननी लाल वही तिच्या मांडीवर ठेवली. ती पानं उलटत गेली आणि एका खोडलेल्या ओळीवर बोट ठेवून थांबली. चाळीस डॉलर, लाल शाईने काट मारलेली. हे काय?

दिदी म्हणाल्या, ते माझ्या बसचे, मी परत दिले. दोन्या म्हणाल्या, परत नाही दिले, ते भाड्यात वळते केले. मादाम म्हणाल्या, दोन्ही चूक, ते दुसऱ्याच दिदीचे. तीन भाषांत पाच-सात मिनिटं हे चाललं. मी दोन बाजूंना भाषांतर करता करता घामाघूम, हीटर बंद असून. गेली ग्रँट, असं मला वाटलं. मग मादामनी पुढची चार पानं उलटून कोपऱ्यातली नोंद काढून दाखवली : चाळीस जमा, तारीख, दोन सह्या. पाहुणीने ती नोंद आपल्या वहीत उतरवून घेतली. जाताना दुसरीने विचारलं की दोन वर्षं बिनअटीचे पैसे मिळाले तर कशावर खर्च कराल. हा प्रश्न प्रस्तावात नव्हता. एक क्षण सगळ्या गप्प, मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या.

१० एप्रिलला मंजुरी. पंधरा हजार, एका वर्षासाठी, कुठल्याही एका प्रकल्पाला न बांधलेले. दुसऱ्या वर्षाचं पुढे बघू, असं पत्रात आहे. चेकच्या आधी त्यांना हवे होते : करमुक्तीचं पत्र, राज्याच्या कन्झ्युमर अफेअर्स विभागाकडची चॅरिटी म्हणून नोंदणी (ही वेगळी असते, मी विसरले होते, धावपळ झाली), बोर्डाचा ठराव आणि विम्याचा दाखला. विम्याचे ५४० डॉलर. दर वर्षी राज्याला वार्षिक अहवालाचे ३० डॉलर लागतात आणि आयकर खात्याला ९९०-एन म्हणून चार ओळींचा ई-फॉर्म जातो, कॅलेंडर वर्ष धरलं तर १५ मेच्या आत. तो फुकट आहे, पण सलग तीन वर्षं चुकला तर करमुक्ती आपोआप रद्द होते. मी फोनवर तीन वेगवेगळे गजर लावून ठेवलेत.

एकूण रोख खर्च हजार डॉलरच्या आसपास. तास मी शेवटच्या पानावर लिहीत गेले होते : माझे ३११, बाकीच्यांचे निदान तेवढेच. चाळीस-चाळीस बायका दारात होत्या तेव्हाचे काही तास त्यात आहेत, ते मला अजून टोचतात.

मादामचे उसने पासष्ट आधी फेडले. ते वर्गणीतून, ग्रँटमधून नाही, यावरही अर्धा तास चर्चा झाली.

ग्रँटमधला पहिला खर्च मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी ठरला. मीटिंगच्या वेळी मुलं कोपऱ्यात गोंधळ घालतात आणि त्यांच्यापाठी धावणारी बाई मीटिंगला मुकते. तेव्हा दर रविवारी एकीला तीन तासांचे पैसे देऊन मुलं सांभाळायला बसवायचं. मी तासाला १५ डॉलर ४९ सेंट धरून हिशेब मांडला, तेच २०२५ चं राज्याचं किमान वेतन होतं. दोन्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मालकिणीकडे आपण वीस मागायला शिकवतो ना?"

वीस ठरले. आता प्रश्न असा की सभासद बाईला संस्थेने दर रविवारी साठ डॉलर दिले तर ती कर्मचारी धरायची की कसं, आणि भिशीसारखंच यातही काही आडवं येतं का. वकीलबाईंना ईमेल टाकली आहे. तोवर मुलं कोपऱ्यात आहेत आणि या रविवारची पाळी माझी आहे.